दहा पंचेचाळीसचा रकाना

"काका, हा तुम्ही ठेवा," असं म्हणून वर्गात पेन्सिल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोरीने आपला स्टेथोस्कोप काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. त्याचे दोन्ही हात धुतलेल्या हत्यारांच्या ट्रेमध्ये अडकले होते, नाहीतर त्याने तो घेतलाच नसता. "मला आता लागणार नाही. तीन वाजता बाईंची शिक्षण सोडायच्या फॉर्मवर सही झाली की सुटले मी. तुमच्या त्या डबड्यातून मांजराचं हृदय ऐकू येत नाही म्हणत होता ना? यातून येईल." एवढं बोलून ती जिना चढून गेलीसुद्धा. जनावरांच्या दवाखान्याचा तळमजला, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं, फिनेलचा वास, पलीकडच्या खोलीत पिंजऱ्यातलं कुणीतरी एका सुरात केकाटतंय. रोजच्यासारखंच सगळं. नळी तिच्या मानेवर होती तेवढी गरम होती. ती ऊब त्याच्या मानेला लागली आणि ट्रेमधल्या कात्र्या एकमेकींवर वाजल्या. कुणीतरी दारातून म्हणालं, "काका, जागे आहात ना?" त्याने मान हलवली आणि ट्रे नेऊन ठेवला. कात्र्या मोजायच्या होत्या, त्या त्याने तीनदा मोजल्या.

वर्ग अठरा जणांचा. त्यातले सतरा विशीच्या आगेमागे आणि हा एकटा सेहेचाळीसचा. पहिल्या दिवशी हा वर्गात शिरला तेव्हा शिक्षक आले समजून पोरं उठून उभी राहिली होती. हा मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसला तेव्हा जो हशा पिकला, त्या हशातच त्याचं नाव काका पडलं. पुढे दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर असलेल्या बाईंनीही तेच उचललं. त्याआधी बावीस वर्षं त्याने एका मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळला होता. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे अभ्रे, सगळ्यांना लागणारी वाफ तो पुरवायचा. मग विजेवरची यंत्रं आली, बॉयलर भंगारात गेला आणि बॉयलरबरोबर तोही. नवा धंदा शिकवणाऱ्या कचेरीत त्याच्यापुढे एक कागद सरकवला गेला. त्यावर तीनच पर्याय उरले होते: केस कापणं, लिफ्टची दुरुस्ती आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखालचं तंत्रज्ञाचं काम. बायको म्हणाली होती, "केस तुमचे तुम्हालाच उरले नाहीत, लिफ्टमध्ये तुमची पाचावर धारण बसते. जा आपले कुत्र्यामांजरांकडे." थट्टेथट्टेत झालं खरं, पण हे काम त्याला लागू पडलं. घाबरलेलं कुत्रं त्याच्या रुंद, खरबरीत हाताखाली आलं की हळूहळू सैल पडायचं. एक वर्ष पुस्तकी शिक्षण झालं, मग सहा महिन्यांसाठी सगळ्यांना या दवाखान्यात पाठवलं. सुई लावणं, रक्त काढणं, पट्ट्या बांधणं, ऑपरेशनच्या वेळी भूल सांभाळणं, सगळं इथे खऱ्या जनावरांवर करून शिकायचं. ते सहा महिने संपायला आता पाच आठवडे राहिले होते. पाच आठवड्यांनी हातात कागद आला असता आणि आयुष्यात दुसऱ्यांदा तो कशाचा तरी कुणीतरी झाला असता.

दहा वाजता खालच्या हॉलमध्ये पट्ट्यांचा तास होता. एक म्हातारं, तीन पायांवर जमेल तसं उभं राहणारं कुत्रं टेबलावर होतं आणि पोरं पाळीपाळीने त्याच्या चौथ्या पायाला पट्टी गुंडाळत होती. हा कुत्र्याचं डोकं धरून उभा. डोकं धरायचं काम नेहमी त्याच्याकडेच यायचं. पेन्सिल हॉलमध्ये नव्हती. वर बसून फॉर्म भरत असणार. काडीसारखी बारीक, आणि अंबाडा वर बांधून त्यात चक्क एक पेन्सिल खोचलेली, म्हणून पहिल्या आठवड्यातच तिचं ते नाव पडलं होतं. वर्गात सगळ्यात हुशार तीच. औषधाचा डोस काढायचा असला की बाकीची पोरं कागद शोधायची आणि ही अंबाड्यातली पेन्सिल ओढून तळहातावर गणित मांडायची. केस पाठीवर सुटायचे, ते तसेच सोडून ती उत्तर सांगायची, आणि उत्तर बरोबर असायचं. गेल्या अकरा दिवसांत तिने एकही गणित सोडवलं नव्हतं. "मला नका विचारू," म्हणायची आणि बाजूला व्हायची. काल तर एका मांजराचं वजन सांगतानाही ती दोनदा काट्याकडे वाकून बघत होती. काट्यावर सरळ चार किलो दिसत होते. त्याला ते दिसलं होतं, आणि त्याने मान दुसरीकडे वळवली होती.

भुलीचं मशीन काही फार अवघड प्रकरण नाही. जनावराच्या श्वासनलिकेत एक नळी, ती मशीनला जोडलेली, आणि मशीनला टांगलेली एक काळी रबरी पिशवी. पोरं तिला फुगा म्हणायची. जनावर श्वास घेतं तसा फुगा खाली बसतो, सोडतं तसा वर येतो. भुलीची वाफ सतत येत असते, म्हणून जास्तीची बाहेर जायला एक छोटा फिरकीचा व्हॉल्व्ह. तो उघडा असतो. जनावराचा श्वास अगदी उथळ झाला तर आपण व्हॉल्व्ह बंद करायचा, फुगा हाताने दाबायचा, छाती नीट वर आली की सोडायचा आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा. झालं. त्या मशीनसमोर उभं करून बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "इथे दोनच नियम. व्हॉल्व्ह बंद असेल तोवर बोटं त्याच्यावरून हलवायची नाहीत, छत कोसळलं तरी. आणि तक्त्यात जे कानाने ऐकलं नाही ते लिहायचं नाही. चुका तुम्ही करणार. चूक मी पोटात घालते. खोटा तक्ता नाही घालत, कारण पुढचा माणूस त्याच्यावर विसंबून राहतो." मग त्यांनी मशीन उलगडून दाखवायला सांगितलं आणि पोरं चाचरत असताना याने दर नळी, दर नट बोटाने दाखवून समजावला. बाई म्हणाल्या, "बघा रे. काकांना मशीन कळतं." त्या संध्याकाळी तो दोन स्टॉप आधी उतरून चालत घरी गेला होता, नुसता त्या वाक्याची चव घ्यायला म्हणून.

तक्ता म्हणजे दर पाच मिनिटांचा एक उभा रकाना. रकान्यात वर हृदयाचे ठोके, खाली श्वास. कानाला स्टेथोस्कोप लावायचा, मोजायचं, लिहायचं. ऑपरेशन तासाभराचं असेल तर बारा रकाने. हे काम त्याच्या रक्तातलं होतं. बॉयलरवरही एक वही असायची, दर तासाचा दाब त्यात लिहायचा. पण आता लपवून काय करायचं? ती वही कुणीही तासातासाला लिहायचं नाही. पाळी संपताना चहा घेत एका दमात आठ आकडे भरायचे, थोडे वर, थोडे खाली, म्हणजे खरे वाटतात. पहिल्या महिन्यात त्याच्या उस्तादाने त्याला हेच शिकवलं होतं. "दाब जास्त झाला तर व्हॉल्व्ह आपला आपण उडतो रे. शिट्टी अशी वाजते की मालक घरी उठून बसतो. वही काय, साहेबासाठी." बावीस वर्षं व्हॉल्व्हने त्याची काळजी घेतली आणि बावीस वर्षं त्याने वहीची. त्या दिवसांत एकही रकाना कधी रिकामा राहिला नाही, याचा त्याला चक्क अभिमान होता.

अकरा दिवसांपूर्वी टेबलावर आलेली ती कुत्री तपकिरी, सव्वासात किलोची, पोटाने गोल. गर्भाशय काढायचं नेहमीचं ऑपरेशन. मालक एक निवृत्त पोस्टमन. सकाळी तिला सोडताना तो याचा हात धरून म्हणाला होता, "ढब्बीला सुईची फार भीती हो. सुई टोचताना जरा बोलत राहा तिच्याशी, म्हणजे ती सुईकडे बघत नाही." हा बोलत राहिला होता. काय बोलला ते आता आठवत नव्हतं, हवापाण्याचंच काहीतरी असेल, पण ढब्बी कान उभे करून ऐकत होती एवढं आठवत होतं. भुलीआधीचं गुंगीचं औषध पेन्सिलने मोजून काढलं होतं. भुलीच्या मशीनवर हा. दहा चाळीसला श्वास फार उथळ झाले, मिनिटाला जेमतेम आठ. याने व्हॉल्व्ह बंद केला, फुगा दाबला, छाती छान वर आली. आणि नेमका तेव्हाच भिंतीवरचा काटा आठाच्या आकड्यावर आला. रकान्याची वेळ झाली होती. याने पेन उचलायला हात व्हॉल्व्हवरून काढला. एकशे चार, आठ, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "काका, दिवा जरा खाली घ्या." दिव्याचा सांधा सैल होता, तो खाली घेतला की पुन्हा वर जायचा, म्हणून याला तो धरून उभं राहावं लागलं. दहा पंचेचाळीस झाले तेव्हा याचा एक हात दिव्यावर होता. कानाला स्टेथोस्कोप लावायला दुसरा हात पुरला नसता. याने त्या हाताने पेन उचललं आणि लिहिलं: एकशे चार, दहा. आठाचे दहा केले, म्हणजे खरं वाटतं.

मग दहा अठ्ठेचाळीसला बाईंचा आवाज आला, "रक्त काळं का दिसतंय? काका, ठोके?" आणि तो वळला. फुगा घट्ट, गुळगुळीत, फुटबॉलसारखा टम्म झाला होता. त्याने काही विचार केला नाही. त्याच्या हाताने व्हॉल्व्ह उघडला, त्याला न विचारता. फुस्स करून वाफ बाहेर पडली. हाताखालची डॉक्टर तेव्हाच काहीतरी ओरडत होती, पेन्सिल इंजेक्शन आणायला कपाटाकडे पळाली होती, म्हणून तो आवाज ऐकणारा खोलीत तो एकटाच होता. दोन-तीन मिनिटांत ठोके थांबले, मग सगळे छाती दाबत राहिले. बाई, डॉक्टर, पेन्सिल, पाळीपाळीने. तोही दाबत होता. वीस मिनिटं. 'व्हॉल्व्ह बंद राहिला होता' हे चार शब्द बोलायला दोन सेकंदं लागली असती, आणि त्या वीस मिनिटांत ते दर दोन सेकंदांनी त्याच्या जिभेवर आले आणि परत गेले. चौथ्या दिवशी त्याने पुस्तकात वाचलं, की व्हॉल्व्ह बंद राहिला तर फुप्फुस फाटून हवा छातीच्या पोकळीत शिरते, आणि ते वेळेत कळलं तर छातीत सुई घालून ती हवा काढता येते, कधी कधी जनावर वाचतंही. पुस्तकाचं ते पान डाव्या हाताला होतं, खालून सहावी ओळ. म्हणजे ती आठ मिनिटं विसराळूपणाची होती, हे ठीक. पण नंतरची वीस मिनिटं? ती तर त्याने जागेपणी, डोळे उघडे ठेवून घालवली होती.

आणि वर तो तक्ता. ढब्बीला टेबलावरून हलवल्यावर बाई हात धुवायला गेल्या. फाईल त्यांच्याकडे द्यायची होती. दहा पन्नासचा रकाना रिकामा होता. याने लिहिलं: साठ, चार. म्हणजे अचानक उतरलं असं वाटेल. हे त्याने ठरवून केलं असं म्हणावं तर तसंही नाही, आणि नकळत झालं म्हणावं तर तेही खोटं. रिकामा रकाना त्याला बघवला नाही. बाईंनी तक्ता बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "सगळं व्यवस्थित होतं मग. गुंगीचा डोस कुणी काढला होता?" पेन्सिल म्हणाली, "मी." बाईंनी पुन्हा एकदा विचारलं, "नीट काढला होतास?" बस, एवढंच. दोष कुणी दिला नाही, आवाज कुणी चढवला नाही. सिरिंज कचऱ्यात गेली होती, तपासायला काही उरलं नव्हतं. अहवालात 'कारण निश्चित नाही' असं लिहिलं गेलं. पण त्या दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाने पोरीचा चेहरा जो उतरला तो उतरलाच, आणि तो याच्या डोळ्यांदेखत उतरला.

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं होतं, "आज गप्पसे?" तो म्हणाला, "एक कुत्री गेली." बायको भाजी चिरत होती. मान वर न करता ती सहज म्हणाली, "तुमच्या हातून नाही ना?" तो म्हणाला, "छे." त्यानंतर मुलगी शाळेची कुठलीशी गंमत सांगायला लागली आणि तो हसलासुद्धा. माणसाला आपण किती नीच आहोत हे कळायला मोठा प्रसंग लागतो अशी त्याची समजूत होती. एका 'छे'मध्ये ते भागतं हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि दुसऱ्या दिवशीपासून तो पेन्सिलचं सांत्वन करायला लागला. हा भाग त्याला आठवायचा नसे. तरी तोच सगळ्यात जास्त आठवे. मधल्या सुट्टीत ती मागच्या पायऱ्यांवर एकटी बसायची. हा दोन चहा घेऊन जायचा. "तुझी चूक नाही गं," म्हणायचा. ती म्हणायची, "तुम्हाला काय माहीत काका?" आणि हा म्हणायचा, "मला माहीत आहे." शब्दन् शब्द खरा होता. खरं बोलून खोटं वागण्याची ही कला त्याला कुठून साधली देव जाणे. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "घरी आईला सांगितलं मी. म्हटलं, तिथे एक काका आहेत म्हणून मी अजून जातेय." त्याने चहाचा घोट घेतला. चहा गिळला गेला. मग तो उठून मोरीकडे गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

साडेअकराला पट्ट्यांचा तास संपला. म्हाताऱ्या कुत्र्याला खाली उतरवताना त्याने याचं मनगट चाटलं आणि हा उगाच ओशाळला. मग लघवीचे नमुने, मग पिंजऱ्यांची सफाई, मग एका सशाची नखं. हात कामं करत होते. डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती: तीन वाजता सही होणार. सही झाली की प्रकरण संपलं. पोरगी जाईल, दुसरं काहीतरी शिकेल, हुशार आहे, तिचं कुठेही अडणार नाही. विसाव्या वर्षी माणसाला शंभर वाटा असतात. सेहेचाळिसाव्या वर्षी किती? केस आणि लिफ्ट. हा हिशेब इतका सरळ होता की तो मांडताना त्याला आपलीच शिसारी आली. आणि तरी मांडून झाल्यावर जरा बरंही वाटलं. पोस्टमन आठवला. ढब्बीचा पट्टा घ्यायला आला तेव्हा त्याने विचारलं होतं, "बोलत होता ना तिच्याशी?" हा म्हणाला, "होतो." "मग ठीक," म्हणून पट्टा घडी घालून खिशात घालून तो गेला. आरडाओरडा नाही, तक्रार नाही. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर याला त्या रात्री झोप लागली असती. गळ्यातला स्टेथोस्कोप त्याने केव्हाच काढून सामानाच्या कपाटात ठेवला होता. तरी मानेला हात जात होता.

अडीच वाजता पेन्सिल जिना उतरून खाली आली. हातात फॉर्म, पाठीवर बॅग. आता काहीतरी बोलून निरोप घ्यायचा अशा चेहऱ्याने ती हसली आणि म्हणाली, "तुमच्या हातचा चहा राहिला आज." तिने ते इतक्या साधेपणाने म्हटलं की त्याच्या आत काहीतरी सरळ मोडूनच पडलं. तो म्हणाला, "बस जरा." ती पायरीवर बसली. तो उभाच राहिला. अकरा दिवस त्याने या वाक्याच्या नाना तऱ्हा रचल्या होत्या, आधी हे सांगू, मग ते, दिव्याचा सांधा सैल होता हे नक्की सांगू. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"व्हॉल्व्ह बंद राहिला होता," तो म्हणाला. "ढब्बीच्या वेळी. मी बंद केला आणि उघडायला विसरलो. तुझा डोस बरोबर होता."

पायऱ्यांवरून एक म्हातारी पोपटाचा पिंजरा घेऊन उतरत होती, तिला जागा द्यायला पेन्सिल भिंतीला सरकली. म्हातारी गेली. "किती वेळ?" तिने विचारलं. आवाज अगदी कामाचा, ऑपरेशनच्या खोलीतला.

"आठ मिनिटं."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच."

"तेव्हाच," ती म्हणाली. बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. "म्हणजे मी छाती दाबत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं. आणि दुसऱ्या दिवशी मी मागच्या पायऱ्यांवर रडत होते तेव्हाही. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, काका."

"हो."

"कसा हो फिरवलात?"

हा प्रश्न ती रागाने विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो म्हणाला, "मी बाईंना सांगतो. आत्ता." ती उठली, फॉर्म घडी न घालता हातातच धरला. "मी येते बरोबर," म्हणाली. जिना चढताना ती पुढे होती आणि तो मागे. दोन मजले होते. त्याला दम लागला. ती थांबली नाही.

बाईंच्या खोलीत खिडकीशी एक्स-रे वाळत घातलेले होते. बाई डबा संपवून हात पुसत होत्या. दोघांना बघून त्यांनी फॉर्मसाठी हात पुढे केला. तो म्हणाला, "आधी माझं ऐका. ती कुत्री माझ्यामुळे गेली. व्हॉल्व्ह बंद राहिला होता." त्याला वाटलं होतं, हे म्हटल्यावर खोलीत काहीतरी होईल. काही झालं नाही. बाईंनी आधी पेन्सिलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "काका, बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही हिला रोज समजावता ते मला दिसतं. चहा घेऊन जाता, तेही दिसतं. तुमच्या मुलीच्या वयाची आहे, जीव तुटतो, समजू शकते मी. पण कुणाला वाचवायला असलं काही बोलायचं नाही. हे शाळेतलं भांडण नाही."

"खरं सांगतोय, बाई."

बाईंनी कपाटातून फाईल काढली, उघडली आणि त्याच्यासमोर फिरवून ठेवली. "हे बघा. अक्षर तुमचंच ना? दहा चाळीस, एकशे चार. दहा पंचेचाळीस, एकशे चार, श्वास दहा. म्हणजे सुधारलेच आहेत. व्हॉल्व्ह बंद असता तर इथेच ठोके घसरलेले दिसले असते. व्हॉल्व्हचं मरण मी पाहिलंय, ते असं दिसत नाही. तुमचा तक्ताच तुम्हाला सोडवतोय, काका. इतका नीट तक्ता या बॅचमध्ये दुसऱ्या कुणाचा नाही." एवढं बोलून त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

आणि त्या क्षणी, याची लाज त्याला पुढे जन्मभर वाटणार होती, त्याला हायसं वाटलं. सांगून तर झालं होतं. पोरीसमोर, बाईंसमोर, चक्क शब्दांत. आता पटत नसेल कुणाला, तर तो काय करणार? तो प्रामाणिक ठरला होता आणि शाबूतही राहिला होता, पाच आठवड्यांनी कागद मिळणार होता, आणि घरी गेल्यावर बायकोने विचारलं तर आता 'छे' म्हणायचीही गरज नव्हती. सगळं कसं आपसूक जमून आलं होतं. त्याला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात गेल्या अकरा दिवसांत त्याचा हात चांगलाच बसला होता. पेन्सिल त्याच्या शेजारी उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, बाईंकडेही नाही. ती तक्त्याकडे बघत होती. तिचे ओठ किंचित हलत होते. ती आकडे वाचत होती, एकामागून एक, हुशार पोरं वाचतात तसे, आणि दहा पंचेचाळीसपाशी येऊन ती थांबली.

त्याने हात पुढे केला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. ते दाबून धरलं.

"हा खोटा आहे," तो म्हणाला. "हे मी ऐकलं नव्हतं. माझ्या हातात दिवा होता. अंदाजाने लिहिलं. आणि हा पुढचा, दहा पन्नासचा, ती गेल्यावर भरला. तुम्ही हात धुवायला गेला होता तेव्हा."

बाईंचं पेन फॉर्मवर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यांनी पेन उचललं. तक्ता जवळ ओढून घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला. दहाचे, दहा पाचचे, दहा दहाचे, सगळे. "मग हे तरी खरे आहेत का?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "ते ऐकलेले आहेत." बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणून?" त्यांनी फाईल मिटली. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, पण त्या फक्त थकल्यासारख्या दिसल्या. "तुमची ओळखपत्राची पट्टी खाली काउंटरवर देऊन जा," त्या म्हणाल्या. "पोस्टमनला मी कळवते. नाही, तुम्हीच चला माझ्याबरोबर. उद्या सकाळी दहाला." त्याने मान हलवली. छातीवरची पट्टी काढताना तिची पिन शर्टात अडकली, ती सुटेना. मग त्याने तशीच ओढली आणि शर्ट फाटला.

"बाई," पेन्सिल म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. ती अजून मिटलेल्या फाईलकडेच बघत होती.

"मी तो डोस रोज घरी काढून बघत होते. सव्वासात किलो, गुणिले, भागिले. रोज. सकाळी उठल्यावर आणि दवाखान्यातून गेल्यावर. तो रोज बरोबर यायचा. अकरा दिवसांत एकदाही चुकला नाही." तिचा आवाज इथवर सरळ होता, तो इथे फाटला. "म्हणून तर फॉर्म आणला मी. म्हटलं, चूक समोर कागदावर असून जिला दिसत नाही, तिने जनावराला हात लावू नये."

हे सगळं ती बाईंना सांगत होती. त्याच्याकडे तिने मान वळवून पाहिलं नाही.